अंगावर पडलेली दोरी

आमच्या गावात कुणीही मेलं की मरणाचं कारण मी सांगायची. ग्रामपंचायतीत नोंद करायला निघालेला माणूस वाटेत आमच्या दारी थांबायचा, कारण गावातल्या सुनांमध्ये दहावी पास मी एकटी. "वहिनी, काय लिहाचं?" मी पदर सारखा करायची, विचारात पडल्याचं सोंग करायची आणि सांगायची, ताप. म्हातारा ओट्यावरून पडून गेला, ताप. कुणी खोकून खोकून गेलं, ताप. तेही नोंद करायला कुणी गेलं तर. नाहीतर बरीच मरणं तशीच मातीत जायची. मेलेल्याला कागद कशाला पाहिजे, असं मी तोऱ्यात म्हणायची. पन्नाशी जवळ आली होती, पण अक्कल अजून माहेरून यायची होती.

मग समोरच्या घरचा जावई गेला.

आमचं गाव गोंडपिपरीकडचं, तलावाच्या काठाला. तो आरमोरीकडचा, घरजावई होऊन आलेला. आमच्यासारखाच मासे धरायचा. माझी सासू अजून अंबाडीची दोरी हाताने वळायची. बाकी सगळे बाजारातून नायलॉन आणत. हा मात्र जाळ्याच्या काठाला म्हातारीचीच दोरी लावायचा. आदल्या संध्याकाळी तिच्याकडून एक वेटोळं घेऊन गेला. सकाळी पोट दुखतं म्हणाला. पापण्या उघडेनात, जीभ जड झालेली. मी पाहून आले आणि नवऱ्याला शहाणपणाने सांगितलं, कालची उतरली नाही वाटतं. पुजाऱ्याचा अंगारा येईपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. अंगावर ना जखम, ना सूज.

त्याच्या बायकोने रडता रडता सांगितलं की अंधारात तो दचकून उठून बसला होता. अंगावर दोरी पडली, एवढंच बोलला आणि पुन्हा चटईवर लवंडला.

दुपारपर्यंत ती दोरी गावभर झाली. दिवे लागायच्या आत तिला माझ्या सासूचं नाव चिकटलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. मी बोअरिंगवर गेले की बाया पाण्याची अर्धी भरलेली गुंडी उचलून निघायच्या. आमच्या दारावरून जाणारी वाट लोकांनी सोडली, तलावाला वळसा घालून जाऊ लागले. तिसऱ्याच्या विधीनंतर बैठक आहे, करणी कुणी केली ते सांगणारा बाहेरगावचा जाणता बोलावला आहे, असं दिराने कानात सांगितलं. अशा एका बैठकीनंतर पलीकडच्या गावातल्या बाईचं काय झालं ते मी ऐकून होते. सासू मात्र अंगणात पाय पसरून दोरी वळत बसलेली.

घरातली सगळी दोरी नाहीशी करायची, असं मी ठरवलं. डोकं बघा माझं. सगळी वेटोळी पोटाला गुंडाळली, वरून लुगडं नेसलं आणि भर दुपारी तलावाकडे निघाले. वाटेत शेजारीण भेटली. त्या वयात मला सातवा महिना लागलेला पाहून एरवी ती वर्षभर हसली असती. तिने पोटाकडे पाहिलं, लुगड्याबाहेर लोंबणाऱ्या टोकाकडे पाहिलं आणि मागे वळून चक्क पळाली. दोरी मी तलावात टाकली खरी, पण आता जाणत्याला सांगायला गावाजवळ आणखी एक गोष्ट झाली होती.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव समोरच्या अंगणात जमलं. जाणता आपली पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. तेवढ्यात आरोग्य खात्याची बाई आली. हल्ली कुणी घरीच मेलं की ती येऊन घरच्यांना विचारते, काय झालं, कसं झालं. नेहमीप्रमाणे लोकांनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या तोंडून सवयीने निघालं, ताप.

"ताप होता का हो?" तिने बायकोला विचारलं. नव्हता. मग ती बाई खाली बसली आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा, आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा.

बायकोने सांगितलं. दोरीपाशी आली तशी सगळ्यांच्या माना माझ्या सासूकडे वळल्या. मी तिचा हात धरला. तो गार होता. म्हणजे तिलाही सगळं कळत होतं.

कोपऱ्यात त्याची आई बसली होती, आरमोरीकडून आलेली. तिने तोंडावरचा पदर काढला आणि सुनेला विचारलं.

"तो बोलला तवा अंधार होता का वं?"

"हो मायबाई."

"मंग दोरी नाई ते. आमच्याकडं अंधारात त्याचं नाव घेत नाई. दोरी पडली, असंच म्हनतो आमी."

आमच्याकडे रात्री त्याला लांबडं म्हणतात. त्यामुळे दोरी म्हटल्यावर कुणाला काही उमगलं नव्हतं. बाईने विचारलं, नाव कुणाचं? भर उन्हातसुद्धा त्याच्या आईला ते तोंडाबाहेर काढायला वेळ लागला.

"सापाचं."

मग त्या बाईने पापण्यांचं विचारलं, बोलण्याचं विचारलं. पापण्या मी पाहिल्या होत्या, मी सांगितलं. ती म्हणाली, मण्यार असावा. दात बारीक, झोपलेल्याला चावला तर कळतही नाही, पोट दुखतं, पापण्या पडतात. दवाखान्यात त्याची लस असते, हे तिने हळू आवाजात सांगितलं. तरी त्याच्या आईने ते ऐकलं, आणि पदर पुन्हा तोंडावर घेतला.

जाणता चहा न घेता गेला. लोक एकेक करून उठले, पण लगेच आमच्या दारावरून कुणी गेलं नाही. ती वाट पुन्हा रुळायला पुढचा पावसाळा लागला, आणि तोवर कडी वाजली की मी आधी फटीतून पाहायची. सासूने घरी येताच मागचं-पुढचं काही न काढता विचारलं, "माही दोरी कुठी ठेवली वं?"

आता सासू नाही. तिचा मृत्यू मीच नोंदवला, आणि कारणापुढे ताप लिहू दिलं नाही. अंधारात नातवंडं अंगणात खेळतात तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने ओरडते, पायाखाली पाहा रे, साप असतो. सून दचकते, म्हणते, आई, रात्री नाव नका घेऊ.

मी आणखी एकदा घेते. माझीही छाती धडधडतेच, पण घेते.