पुण्याचा स्टॅम्पपेपर, सीबचं घर

घरभाड्याचा करार मी स्वतःच लिहिला, तोही सुट्टीत पुण्याहून आणलेल्या स्टॅम्पपेपरवर. घर कुठलं, तर ओमानमधल्या सीबचं! अकरा महिन्यांचा केला, कारण आपल्याकडे तसाच करतात. घर देणाराही पुण्याचाच. त्याने ओमानी मालकाकडून अख्खा व्हिला घेतलेला, वरचा मजला आम्हाला पोटभाड्याने दिला. दोघांनी ऐटीत सह्या ठोकल्या. ‘दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची नोटीस’ हे कलम तर मी जाड अक्षरांत छापलं होतं.

मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि हा गृहस्थ वर आला.

“मेहुणा येतोय नोकरीला. महिनाअखेर मजला मोकळा करा.”

मी करार पुढे केला. तो हसला. “साहेब, बलदियात नोंद आहे का याची? इथल्या नगरपालिकेत नोंदवला नाही तर कसला करार! यावर भजी ठेवा, तेल तरी टिपेल.”

चौकशी केली. माणूस नालायक होता, पण बरोबर होता. मालकाला न विचारता त्याने पोटभाडेकरू ठेवले, हेही नियमात बसत नव्हतं. मालकाला फोन लावायला हात शिवशिवत होते. पण मालकाने आधी आम्हालाच बाहेर काढलं असतं. पोरीने अभ्यास काय फुटपाथवर करायचा? मग ऑफिसला जाताना गाडीत मी त्याला मनातल्या मनात रोज झोडपायचो. जिन्यात भेटला की मात्र तोंडातून “गुड मॉर्निंग” निघायचं.

शेवटी शाळेजवळ फ्लॅट मिळाला. आधी बलदियाची नोंद, मगच खोकी भरायची, ही बायकोची अट. नोंद झाली, खोकी भरली, आणि हा पुन्हा हजर. मेहुण्याचा व्हिसा अडकला होता.

“असं अचानक कसं जाता? करारात दोन महिन्यांची नोटीस आहे ना!”

अहाहा! या वाक्यासाठी मी जन्मभर थांबलो असतो.

“बसा ना,” मी म्हणालो. “अगं, भजी आण.”

बायकोने कांदाभजी आणली. प्लेटमध्ये माझा करार अंथरलेला, त्याच्या सहीवर सगळ्यात मोठं भजं. त्याने ते उचललं, खालची सही पाहिली, परत ठेवलं आणि जिना उतरला.

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती प्लेट उचलत म्हणाली, “तेल मात्र छान टिपलं हो. कागद चांगला आणला होतात.”