गालाच्या आत

देवाने प्रत्येक अवयव नेमून दिलेल्या जागी बसवला आहे आणि त्यातच सृष्टीची थोरवी आहे, असं प्रवचनात ऐकायला बरं वाटतं. आमच्या शेजारच्या सदाभाऊंच्या गालाचा आतला भाग कॅन्सरमुळे काढावा लागला, तेव्हा सर्जनने त्यांच्या डाव्या हाताचं कातडं रक्तवाहिन्यांसकट उचललं आणि गालात बसवलं. याच हातावर त्यांनी जन्मभर तंबाखू मळली होती. नुकसानभरपाई हातानेच दिली, हे न्यायाला धरून झालं.

परवा जेवताना त्या गालात त्यांच्या जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. "परत आलं वाटतं," एवढंच ते म्हणाले. सुमनवहिनींनी ताट झाकून ठेवलं. आम्ही तिघं रिक्षाने दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि मलाही बघायला बोलावलं. मी हादरलोच. ओल्या गुलाबी तोंडात गव्हाळ कातड्याचा तुकडा होता आणि त्यावर काळे केस उगवले होते. आपली बदली झाली आहे, हे त्या कातड्याला कुणी कळवलंच नव्हतं. ते इमानाने जुन्याच जागेचं काम करत होतं.

"कॅन्सर नाही ना हो?" वहिनींनी विचारलं.

"नाही. हाताची कातडी आहे, केस येणारच. कापून टाकू."

"कापा," सदाभाऊ बोबड्या आवाजात म्हणाले, "मला काही वेणी घालायची नाहीये."

वहिनी आधी हसल्या, मग रडल्या.

सदाभाऊंच्या डोक्यावर गेली कित्येक वर्षं एकही केस नाही.