थांबाकाकांचं चुकलेलं भोक

बाजारात त्यांना सगळे थांबाकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. काम काय, तर चिखलात, दगडधोंड्यांत, नदीच्या पात्रात घालायच्या दणकट गाड्यांना जादा दिवे, हवेचे पंप, दोर ओढायच्या मोटारी बसवायच्या आणि त्या सगळ्यांची बटणं एका पट्टीवर घेऊन ती पट्टी ड्रायव्हरच्या हाताशी लावायची. गिऱ्हाईक कायम घाईत. ड्रिल मशीन घरघरायला लागायचं, टोक डॅशबोर्डला टेकणार, एवढ्यात काका मशीन बंद करून म्हणायचे, "थांबा." मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

काकांचं म्हणणं सरळ होतं. स्क्रू काढता येतो, वायर बदलता येते, पण पाडलेलं भोक परत घेता येत नाही. म्हणून ते आधी गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचे, सीट त्याच्या सवयीप्रमाणे पुढेमागे करायला लावायचे, त्याच्या बोटाला खडू फासायचे आणि फर्मान काढायचे, "डोळे मिटा. समजा, अंधार पडला. लावा दिवा!" बिचारं गिऱ्हाईक हवेत हात फिरवायचं. खडूचा ठिपका जिथे उठेल तिथे बटण. एकदा एका जाडजूड कंत्राटदाराचा ठिपका स्वतःच्याच पोटावर उठला. काका गंभीरपणे म्हणाले, "साहेब, इथे मला बसवता येणार नाही." हसला तो शेजारचा टायरवाला, पण कंत्राटदार जो गेला तो काही परत आला नाही.

माणूस चक्रम आहे, असं लोक म्हणायचे. पण काकांनी बसवलेली पट्टी कुणी उखडून दुसरीकडे लावून घेतली, असं कधी झालं नव्हतं, आणि त्याचा त्यांना इतका तोरा होता की विचारू नका. घरी जेवायला बसले की मिठाची बरणी हाताच्या टप्प्यात कुठे हवी, हे बायकोला शिकवायला जायचे. "अहो, माझं स्वयंपाकघर म्हणजे तुमची जीप आहे का?" असं म्हणून ती बरणी होती तिथे परत आपटायची.

अशा माणसाची एकुलती एक लेक गुरांची डॉक्टर झाली आणि तिला नोकरी लागली ती पार डोंगरापलीकडे. तिथे वस्त्या विखुरलेल्या, रस्ते नुसते नावाला. तिने एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली आणि थेट बापाच्या दुकानासमोर आणून उभी केली. "बाबा, सोमवारी हजर व्हायचंय. रविवारी सकाळी निघणार. तेवढी पट्टी बसवून दे."

झालं! काकांचं डोकं फिरलं ते तिथून.

आधी पट्टी कुठली घ्यायची यावरूनच बापलेकीत जुंपली. लेकीने आणली होती रुंद, रबरी बटणांची. "माझ्या हातात कोपरापर्यंत हातमोजे असतात बाबा, आणि ते कशाने माखलेले असतात ते तुला जेवायच्या आधी सांगत नाही." काकांना हवी होती धातूच्या नाजूक दांड्यांची, वर लाल झाकणं असलेली. "बघ तरी, कशी दिसते! आणि आवाज ऐक, खटक्!" लेक म्हणाली, "मी गायी तपासायला चाललेय, विमान उडवायला नाही." शेवटी रबरी ठरली. मग काकांना वायर पातळ वाटली. जाड आणली, तर ती वळेना. मग फ्यूजचा डबा पुढे बसवावा की मागे, यावर ते स्वतःशीच भांडले आणि स्वतःवरच रुसून बसले. मग म्हणे, तिकडे ओल फार, गाडीला खालून रंग हवा. रंग दिला. आता तो वाळायला नको का?

"काका," टायरवाला म्हणाला, "एवढ्या वेळात या गाडीला पोरं झाली असती."

"तू तुझी हवा भर," काका खेकसले.

ते असे का खेकसतायत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. गाडी तयार झाली की पोर जाणार. कुठल्यातरी ओढ्यात चाक रुतलं तर हाक मारायला माणूस नाही, अशा ठिकाणी, एकटी. हा विचार मनात आला की काका एखादी वायर उपसून पुन्हा घालायला बसायचे.

शनिवारी सकाळी लेक दारात येऊन उभी राहिली. "बाबा, मी पलीकडच्या गल्लीतल्या त्या चष्मेवाल्या मेकॅनिकशी बोलून आलेय. दुपारपर्यंत तुझ्याकडून झालं नाही, तर तो करून देतो म्हणाला."

चष्मेवाला! अहो, हा इसम भोक न पाडता दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पट्ट्या डकवायचा. कडक ऊन पडलं की त्या सुटून थेट ड्रायव्हरच्या मांडीत. काकांच्या पोरीच्या गाडीला टेप! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुपारी ये," ते गरजले, "आणि त्या डकवणाऱ्याला सांग, दुकानाला कुलूप लाव म्हणावं!"

आणि रागाच्या भरात त्यांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट केली. तिला थांबवून घेऊन बसवायचं सोडून ते स्वतःच सीटवर बसले. खडू नाही, डोळे मिटणं नाही. तिला विचारायचं काय त्यात? जिला बोट धरून चालायला शिकवलं, तिचा हात त्यांना माहीत नाही होय? काका ताडमाड. सीट पार मागे ढकलली, पाय ऐसपैस पसरले, हात सैल सोडला. तो पडला गिअरच्या दांडीच्या मागे, मांडीशेजारी, दोन सीटांच्या मधोमध. वा, झकास जागा! मशीन घरघरलं. टायरवाला सवयीने 'थांबा' ऐकायला कान देऊन बसला होता, पण ते काही आलं नाही. काकांनी चांगलं लांबरुंद भोक कापलं, पट्टी ठोकून बसवली आणि घाम पुसत बाहेर आले.

दुपारी लेक आली. मागोमाग जेवणाचा डबा घेऊन तिची आई. लेक अंगाने आईवर गेलेली, ठेंगणी. गाडीत चढल्याचढल्या तिने सीट खाडकन पुढे ओढली आणि पट्टी राहिली तिच्या कंबरेच्या मागे. दिवा लावायला तिने हात मागे नेला, पाठीला खाज सुटल्यावर नेतात तसा. पोचेना. खांदा वळवला, मान वळवली, शेवटी अख्खी मागे फिरली, तेव्हा कोपर लागून हॉर्न वाजला. टायरवाला हसून हसून टायरांच्या ढिगावर आडवा झाला.

"अहो," आईने विचारलं, "तिला बसवून बघितलंत का?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "सीट... सीट जरा मागे घे ना गं."

"घेते की. मग ब्रेक काय आईने दाबायचा?"

लेक चिडली असती तर बरं झालं असतं. ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसली आणि तिथून तिने हात टाकला. सगळी बटणं हाताखाली. पुढचे दिवे लागले, मागचे लागले, पंप गुरगुरला. तिने एकेक करून सगळं बंद केलं.

"बाबा, इथून सगळं हाताला येतंय."

"हं."

"इथे कोण बसणारे?"

टायरवाल्याचं हसू थांबलं. तो उठला आणि उगाचच एक टायर लोळवत आत निघून गेला.

"मला वाटलं," काका जमिनीकडे बघत म्हणाले, "रस्ता वाईट असेल. तू स्टिअरिंग सांभाळ, दिव्याबिव्याचं मी बघेन. सुट्टीच्या दिवशी तिकडे येत जाईन म्हटलं."

"आणि मी? मला मागे सामानात घालणार होतात?" आई म्हणाली. पण तिचाही आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"मला भीती वाटते गं पोरी," काका एकदाचे बोलून गेले. "एकटी चाललीस."

लेकीचे डोळे भरून आले. ते तिने तसेच वाहू दिले, पुसले नाहीत. "मलाही वाटते बाबा. म्हणून तर बटण माझ्या हाताला लागायला पाहिजे ना?"

काका आत गेले आणि खडू घेऊन आले. तिला सीटवर बसवलं, हवी तेवढी पुढे ओढू दिली, बोटाला खडू फासला. "मिट डोळे. अंधार पडलाय. लाव दिवा." तिचा हात उचलला गेला तो ठाम, कुठेही न अडखळता, आणि ठिपका उठला स्टिअरिंगच्या पलीकडे, तिच्या दाराच्या बाजूला. त्या जागी काकांनी आयुष्यात कुणाचं बटण बसवलं नव्हतं. त्यांनी तीनतीनदा ठिपका घेतला. तीनही वेळा तिथेच. मग त्यांनी मशीन उचललं.

पट्टी बसेपर्यंत उन्हं कलली. आधीच्या भोकावर त्यांनी पत्र्याची झाकणी मारली. सुबक मारली, पण कळायचं ते कळतच होतं, आणि टायरवाला ते जन्मभर सगळ्यांना दाखवत सुटणार, हेही काकांना कळत होतं. लेकीने एकेक बटण दाबून पाहिलं. तिची पाठ सीटवरून हललीसुद्धा नाही.

"झालं बाबा. फर्स्ट क्लास."

"माझं तपासायचं राहिलंय," काका म्हणाले आणि पलीकडच्या सीटवर चढून बसले. त्यांनी हात लांब केला. मग वाकून केला. मग अर्धे सीटवरून उठून, लेकीच्या पुढ्यातून, बोटं ताणून ताणून केला. बटणं वीतभर लांबच राहिली.

"नाही पोचत," ते म्हणाले.

"मग?"

"मग बरोबर बसलीये," काका म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसत गाडीतून खाली उतरले.