चौकातले अठ्ठ्याऐंशी

सीईटीचा निकाल लागला तेव्हा मी धुळ्याला घरीच होते. देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत मोबाइलवर मार्क पाहिले. एकूण सत्तावन्न पर्सेंटाइल. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: शंभर जणांना ओळीत उभं केलं, तर त्रेचाळीस जण माझ्या पुढे. सरकारी फार्मसी कॉलेजला जितके लागतात त्याच्या आसपासही मी नव्हते. दोन वर्षं जळगावला क्लासच्या हॉस्टेलवर राहून, सकाळी सहाच्या बॅचला जाऊन हे मिळवलं होतं.

फार्मसी का, असं मला कोणी कधी विचारलं नाही. आमच्याकडे पोरगं जरा बरं शिकलं की डॉक्टर, आणि तिथवर पोचत नसेल तर "मेडिकल टाकी दिऊ." औषधाच्या दुकानाला आमच्याकडे मेडिकल म्हणतात आणि ते टाकतात, जसा मांडव टाकतात. पण मला दुकान नको होतं. कोणतं औषध शरीरात जाऊन काय करतं, हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. म्हणून सत्तावन्न जिव्हारी लागले.

ते मी आईला सांगणार होते. वाक्य जुळवत होते. तेवढ्यात बाहेरून आईचाच आवाज आला, "तुना फोटो चौकमा लागना, माय! बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात!"

मी धावत गेले. खरंच होतं. चौकातल्या दुभाजकाच्या रेलिंगला भलंमोठं फ्लेक्स बांधलं होतं. वर जळगावच्या क्लासचं नाव, मध्ये हात जोडलेले सर. वरच्या ओळीत नव्व्याण्णववाले, अठ्ठ्याण्णववाले, आणि सगळ्यात खालच्या ओळीत आम्ही पाच जणी. माझा ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्या, आणि त्याखाली लाल अक्षरांत: ८८. पुढे लिहिलेलं, "फार्मसी प्रवेश निश्चित".

अठ्ठ्याऐंशी हे माझे बायोलॉजीचे होते, फक्त बायोलॉजीचे. फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही, एकूण नाही. बायोलॉजी हा शब्दही लिहिला नव्हता. नुसता आकडा, ज्याला जो वाटेल तो अर्थ त्यानं घ्यावा. आमच्या गल्लीनं अर्थ घेतला, अठ्ठ्याऐंशी टक्के. आईनं पेढे आणले. शिंदखेड्याच्या मामाचा फोन आला, नरडाण्याहून मावशीचा आला. मी आतल्या खोलीत आले तर शेजारच्या अक्का पेढा घेऊन मागोमाग. त्यांनी तो स्वतः माझ्या तोंडात कोंबला. ज्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून पडायचं होतं, त्या दिवशी मी पाया पडत फिरले.

संध्याकाळी वडील ड्युटीवरून आले. ते एसटीत कंडक्टर. आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा पत्रकं जास्त. युनियनची, मोर्चांची, भाववाढीविरुद्धची, अंगात येणाऱ्या बाबांविरुद्धची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. "कामगार बंधू-भगिनींनो, फसव्या आश्वासनांना बळी पडू नका" हे वाक्य मला बालवाडीत पाठ होतं. त्यांना मी सगळं सांगितलं. एकूण किती, फ्लेक्सवर काय, खोटं कुठे आहे.

ते मोजे काढत होते. म्हणाले, "राहू दे ना बेटा. कोणी मोजाले येस का?"

"पप्पा, ते खोटं आहे."

"खोटं कसं? अठ्ठ्याऐंशी शेत ना तुले?"

"एका विषयात आहेत."

"मग शेत ना!" आणि मग आवाज खाली आणून, "तुन्ही आई इतली खुश मी कधी देखी नही. तिले चार दिन राहू दे."

ज्या माणसानं वीस वर्षं डेपोच्या गेटवर उभं राहून पत्रकं वाटली, तो माणूस हे म्हणाला. मला आजही त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जळगावची बस पकडली. क्लासच्या ऑफिसात नव्या बॅचचे पालक बसले होते. पारोळ्याचे, चोपड्याचे, यावलचे. भिंतीवर तेच फ्लेक्स. एक बाई आपल्या पोरीला माझ्याच फोटोकडे बोट दाखवून काही सांगत होती. मी आत शिरले.

सर हसले. "ये बेटा, ये! अभिनंदन!"

"सर, माझा फोटो काढा."

"का गं? चांगला नाही आला?"

"मला सत्तावन्न आहेत. तुम्ही अठ्ठ्याऐंशी लिहिलंय."

"बायोलॉजीत अठ्ठ्याऐंशी आहेत की नाही? आहेत. मग खोटं काय?"

"आणि प्रवेश निश्चित? मी अजून फॉर्मही भरलेला नाही."

सर आता खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, खासगी कॉलेजांत सीट रिकाम्या पडल्यात. मिळणारच आहे तुला. मिळणार आहे म्हणजे निश्चित. तुमचं हे पत्रकवाल्यांचं घर, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत भांडण दिसतं." मग जरा गोड होऊन, "पोरं पाय धरतात फ्लेक्सवर यायला. तुझ्यासारखीला मी वर घेतलं. एका कॉलेजशी माझं बोलणं चालू आहे, फीमध्ये सवलत करून देईन. घरी जा, पेढे खा."

तुझ्यासारखीला. हा शब्द मी धुळ्यापर्यंत चघळत आले.

जिन्यात मला माझी हॉस्टेलची मैत्रीण भेटली. रावेरकडची, घरी केळीच्या बागा. तीही त्या पाच जणींत होती. ती घाबरलेली. "तू भांडलीस ना आत? बाहेर ऐकू येत होतं."

"तुझेही एकूण नाहीत त्यावर."

"माहीत आहे गं! पण पप्पांनी फोटो स्टेटसला ठेवलाय. काकांना दाखवलाय. तुला काय करायचं ते कर, माझं नाव काढू नको. हात जोडते." तिनं खरंच हात जोडले. मी शब्द दिला आणि तो पाळला. पण त्या हात जोडण्याचा हिशेबही मी सरांच्याच खात्यावर लिहिला.

बसमध्ये मी पत्रक लिहून काढलं. माझ्यापुरतं. माझे सगळे विषय, एकूण, आणि खाली: "विद्यार्थी-पालकहो, फ्लेक्सवरचा आकडा वाचताना तो कशाचा आहे हे विचारा." हे घेऊन मी गेले ते ज्या दुकानात वडिलांची युनियनची पत्रकं छापली जात त्याच दुकानात. मालकांना आम्ही नाना म्हणतो. पूर्वी तिथं शिशाचे खिळे जुळवून छापायचे, आता फ्लेक्सचं मशीन आहे. नानांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"पोरी, हे मी नाही छापणार."

"का नाना?"

"त्या क्लासचं धुळ्यातलं सगळं काम माझ्याकडे आहे. चौकातलं फ्लेक्स मीच छापलं. तुझा फोटोही मीच लावला." मग माझं मन राखायला म्हणून हसले, "चेहरा जरा उजळ करून दिला बरं का. सरांचा नियमच आहे, सगळ्या पोरींचा करायचा."

मला ते तोवर दिसलंच नव्हतं. गोरी होते मी त्या फ्लेक्सवर. मार्क दुसरे, रंग दुसरा. माझ्या वेण्या तेवढ्या माझ्या होत्या.

मी शेजारच्या स्टेशनरीतून जाड काळा मार्कर घेतला, पुसला जात नाही तो, आणि चौकात गेले. भर दुपार, जूनचं ऊन, रस्ता ओस. खालची ओळ कमरेच्या उंचीवर होती म्हणून बरं. मी वाकून माझ्या फोटोखाली, लाल अठ्ठ्याऐंशीच्या पुढे, जमेल तितकं ठळक लिहिलं: "हे फक्त बायोलॉजी. एकूण ५७." आणि "प्रवेश निश्चित"च्या खाली: "अजून फॉर्म भरलेला नाही."

पानटपरीवरून एक जण ओरडला, "ओ ताई! मिशा काढताय का?"

दुसरा उठून जवळ आला, फोटो पाहिला, मला पाहिलं. "अरे, ही तर तीच शे! स्वतःलाच काळं फासी ऱ्हायनी!"

"वाचा ना मग," मी म्हटलं.

त्यानं वाचलं. "सत्तावन्न? मग हे अठ्ठ्याऐंशी कोनं?"

"सरांचे."

तो खो खो हसला आणि त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. तासाभरात सरांचा फोन आला. मालमत्तेची नासधूस, पोलिस केस, करिअर बरबाद, सगळं ऐकवलं. मी म्हटलं, "माझ्याच फोटोखाली माझेच मार्क लिहिलेत. केस करा. कोर्टात मार्कशीट घेऊन येते." फोन कट झाला. अंधार पडायच्या आत फ्लेक्स उतरलं. जो आकडा खरा लिहिल्यावर अर्धा दिवस टिकत नाही, त्याबद्दल मी आणखी काय सांगू?

दोन-तीन दिवसांत नवं फ्लेक्स लागलं. त्यात खाली चारच जणी.

आणि आता गल्ली बोलायला लागली. टपरीवरचा तो फोटो सरांपर्यंत गेला तसा घराघरांत फिरला असता तर बरं झालं असतं. आमच्या गल्लीत तो पोचलाच नाही. गल्लीला एवढंच दिसलं, की पोरीचा फोटो होता आणि आता नाही. मुलीचा फोटो चौकातून काढला म्हणजे मुलीनं काहीतरी केलं. क्लासमधला कोणी पोरगा असेल. जळगावला एकटी राहायची ना. आई हे सगळं ऐकत होती आणि घरी येऊन भांडी आपटत होती. फ्लेक्स उतरलं त्या रात्रीच मी तिला सत्तावन्न आणि मार्कर दोन्ही सांगितलं होतं, तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. वडील डबल ड्युटी घेत होते.

रविवारी आईनं मला दळणाचा डबा उचलायला सोबत नेलं. गिरणीत चार बायका आधीच होत्या. पेढा कोंबणाऱ्या अक्काही होत्या. गिरणीच्या आवाजात त्यांना ओरडूनच विचारावं लागलं, "काय व, पोरीना फोटो काबर काढा चौकमाईन? काही लफडं तं नही ना?"

गिरणीवाल्यानं नेमका तेव्हाच पट्टा थांबवला. एकदम शांत झालं. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. आईचे कान लाल झालेले मला दिसले. मी तोंड उघडणार, तोच तिनं डबा खाली आदळला.

"लफडं नही. मार्क कमी पडनात तिले. सत्तावन. ते खोटं लिखेल व्हतं, मन्ही पोरनी खोडं. आजून काही?"

अक्का पिठाकडे बघत म्हणाल्या, "सत्तावन म्हंजे पास ना पन?"

"पास नही, नापास नही. कमी." आईनं गिरणीवाल्याला दरडावलं, "चाल भाऊ, लाव तुनं मशीन."

डबा माझ्या कमरेवर देऊन ती पुढे चालू लागली. मला वाटलं आता काहीतरी मऊ बोलेल. अर्ध्या रस्त्यात ती थांबली आणि वळली. "फिजिक्समा कितला?"

तिनं हे पहिल्यांदाच विचारलं. निकाल लागल्यापासून कोणीच विचारलं नव्हतं.

"एकवीस."

"एकवीस?" ती रस्त्यातच उभी राहिली. "दोन वरीस काय करी ऱ्हायंती तठे? झोपा काढी ऱ्हायंती? एकवीस तं बकरीबी आनी!"

घर येईपर्यंत ती थांबली नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, हॉस्टेल, मोबाइल, माझं उशिरा उठणं, सगळं काढलं. मीही तोंडाला तोंड दिलं, की पेपर कसा होता तुला काय माहीत, तू बसून दाखव. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आम्ही दोघी भर रस्त्यात, डोक्यावर ऊन घेऊन, एकवीस मार्कांवरून भांडत होतो, आणि ते एकवीस माझे होते.