बाजूला ठेवलेलं पेन

ती मुलगी स्वतःविरुद्धची तक्रार माझ्यासमोर घडाघडा वाचत होती, तो दिवस मी विसरलेलो नाही.

लखनौत मी एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. निनावी पत्र आलं: गोमती नगरातल्या सरकारी कार्यालयात दृष्टिहीनांच्या राखीव जागेवर लागलेली एक मुलगी दिवसभर मोबाईल वाचते, सर्टिफिकेट बोगस आहे. सोबत व्हिडिओ. तो पाहून माझं डोकंच फिरलं. गरजूंच्या तोंडचा घास पळवणाऱ्यांची मला भयंकर चीड.

गुन्हा नोंदवण्याआधी जबाबाला बोलावलं. ती माझ्यासारखीच मराठी निघाली. वडील रेल्वेत, घर मानक नगरात. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. गुन्हा दाखल झाला की ती जाणार, हे तिलाही ठाऊक होतं.

"तुला मी दिसतोय?"

"हाँ अंकल, साफ़ दिखते हैं।"

"वाचताही येतं?"

"जी, आता है।"

मी तक्रारीचं पत्र तिच्यापुढे धरलं, तर तिने ते घडाघडा वाचूनही दाखवलं. कबूलच केलं की! जबाब लिहून झाल्यावर मी कागद तिच्यापुढे सरकवला. "सही कर. पेन बाजूलाच आहे."

ती स्वतःचा दंड चाचपू लागली. मला हसू आलं. हिंदीत बाजू म्हणजे दंड. लखनौत वाढलेल्या आमच्या पोरांची ही गंमत नेहमीचीच.

"अगं, बगल में! बाएँ हाथ के पास!"

तिने टेबलावर हात फिरवला. कोपराशी असलेलं पेन धक्का लागून खाली पडलं, तरी ती शोधतच राहिली.

माझं हसू जिरलं. चौकशीत आम्ही माणसाला समोर बसवतो, डोळ्यांत डोळे घालून विचारतो. तिला नेमकं तेवढंच दिसत होतं, नाकासमोरचं.

तिला फेरतपासणीसाठी मेडिकल बोर्डाकडे पाठवलं. डॉक्टरांनी मला समजावलं, "हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. यात नजरेचा घेर आकसतो. अक्षर दिसतं, पायरी दिसत नाही. दाखला देताना घेरही मोजतात." सर्टिफिकेट अस्सल होतं. तक्रार निकाली निघाली.

ते सांगायला तिला बोलावलं, तेव्हा विचारलं, "मग पांढरी काठी का नाही वापरत?"

"बैग में रहती है। निकालूँ तो सब बेचारी कहते हैं, न निकालूँ तो चोर।"

मला मान वर करवेना. त्या 'सब'मध्ये मीही होतो. व्हिडिओ खरा होता आणि मुलगीही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तिने शिकवलं. मी तिची माफी मागितली.

तिने बॅगेतून काठी काढली, उघडली आणि भरल्या व्हरांड्यातून, सगळ्या स्टाफच्या देखत, टकटक करत निघाली. पायऱ्यांपाशी थांबून तिने मागे वळून पहिल्यांदाच मराठीत सांगितलं, "येते, काका."