आमच्या मसाल्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर

लॅपटॉप हळू चालतोय, असं मी घसा फोडून सांगत होते. पण विश्वास कोण ठेवणार! "वंदे, लॅपटॉप नाही, तुझी बोटं हळू आहेत," गटातल्या बायका म्हणत. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं! खांदा कॉलनीत आमचा महिला गट मसाला करतो, आणि मसाल्यासोबत असले किस्सेही साठत जातात. आता सांगताना लाज वाटते. तरी सांगते.

*

गटाचे पैसे जमले होते ते मिरच्या भाजायच्या मशीनसाठी. मिरच्या भाजते कुसुम, करंजा गावची. चुलीपुढे बसून बसून तिचा खोकला काही थांबत नाही. पण लॅपटॉपवर ऑर्डरी मी घेते ना! मी हट्टच धरला, "आधी लॅपटॉपचं बघा!"

कुसुम म्हणाली, "बघा ना ताई. माजा खोकला लॅपटॉपापेक्षा जुना हाय, तो थांबंल."

सगळ्या हसल्या. मीही हसले!

*

आमच्या अध्यक्ष माई. त्यांच्या जावयाने फोनवरच निकाल दिला, "प्रोसेसर अपग्रेड करा."

"म्हणजे काय गं?" माईंनी विचारलं.

हिशेब बघणारी भारती म्हणाली, "मिक्सरची मोटर बदलतात ना, तसं."

"मग भांडं जुनंच चालेल!" माई खूश. सगळ्यांनी हात वर केले. कुसुमनेही केला. दुसरा हात तोंडावर होता, खोकला दाबायला.

*

माई आणि मी पनवेलला रिपेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मावशी, याचा प्रोसेसर बोर्डालाच पक्का बसवलेला असतो. अख्खा बोर्ड बदलावा लागेल. जुन्या लॅपटॉपवर एवढा खर्च परवडत नाही."

"मग अर्धा बदला!" माई म्हणाल्या.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

*

दुकानदाराने लॅपटॉप उघडला आणि शिंकला. मग मी शिंकले, मग माई, मग गिऱ्हाइकं बाहेर पळाली! आतला पंखा मिरचीने लालभडक झालेला.

चिमट्याने त्याने एक वाळलेली पाकळी काढली. "हे काय?"

"झेंडू. दसऱ्याला पूजा केली होती," माई पुटपुटल्या.

"आणि हे कुंकू?"

"पूजेला लावतातच की!"

मग त्याने मी विणलेलं लोकरीचं कव्हर उचललं. "चालू असतानाही घालता?"

"मग! धूळ नाही का बसणार?" मी फाडकन बोलले.

त्याने ब्लोअर मारला. लॅपटॉप पळायला लागला! "प्रोसेसर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गरम झाला की आपोआप हळू होतो. धुरात ठेवू नका, त्याला श्वास घेऊ द्या."

साफसफाईवरच भागलं. पैसे वाचले!

*

दुसऱ्या दिवशी मीटिंग. माई म्हणाल्या, "वाचलेल्या पैशात लॅपटॉपला काचेची केबिन करू. धूर लागता कामा नये." पटापट हात वर झाले. माझाही.

तेवढ्यात भारतीने विचारलं, "पण एवढी घाण आत गेली कोणामुळे?"

माई माझ्याकडे बघेनात, मी माईंकडे बघेना. चुलीकडून खोकला ऐकू आला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि माई म्हणाल्या, "कुसुम."