मामाजी, मोठी शिवी काढा

मधुभाऊजी गेल्याचं मला शाळेत कळलं. आठवीच्या पोरांना नर्मदेच्या उपनद्या पाठ करायला लावून मी खुर्चीत पेंगत होतो (आता हेडमास्तरांनी हे वाचलं तरी वाचोत), तेवढ्यात शिपाई दारात आला. "मास्तर, रामदासपेठेतून फोन होता. तुमचे डॉक्टर भाऊजी..." दवाखान्यात पेशंट तपासता तपासता त्यांनी छातीला हात लावला, टेबलावर डोकं टेकलं, आणि संपलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. सायकल सक्करदऱ्याच्या घराकडे हाणताना माझ्या डोळ्यांपुढे ताई होती, पण तिच्याही आधी बाबा होते. आमच्या म्हाताऱ्या बाबांची लघवीची नळी दर महिन्याला हेच जावई येऊन बदलत, आणि आता तोच जावई गेल्याचं मी बाबांना सांगायचं होतं. सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. रडले नाहीत.

बाबांनी उभी हयात हातमागावर लुगडी विणली. माणूस अबोल, शिवी तर तोंडात नाहीच. फारच संतापले तर मला "गाढवा" म्हणत, आणि मग त्या गाढवाला लागलं तर नसेल ना, असं तोंड करून बसत. उतारवयात त्यांची प्रोस्टेटची गाठ वाढली आणि एका दुपारी लघवी पार अडली. पोट टम्म फुगलं, कपाळावर घामाच्या धारा. भाऊजी स्कूटरवरून धावत आले, पिशवीतून नळी काढली, तसा बाबांनी धोतराचा काठ दोन्ही हातांनी गच्च धरला. "तुम्ही नाही जवाई. दुसरं कोणी बलावा. लग्नात ज्याचे पाय धुतले त्याच्यापुढं धोतर कसं सोडू?"

"मामाजी, तुम्ही पाय धुवून राहिले होते तेव्हा मले लाज वाटली होती. मी सांगतलं का कोणाले? आता तुमची पाळी."

बाबांच्या हातून काठ सुटला. मला टॉर्च धरायला उभं केलं गेलं, म्हणून भाऊजींची रीत मी पाहिली. म्हणजे अर्धी पाहिली. आधी त्यांनी बधिर करणारी जेली सावकाश आत सोडली आणि चक्क हात बांधून बसले. "घाई नाही. तिले तिचं काम करू द्या." मग इंद्रिय सरळ वर ताणून धरलं, म्हणजे आतली वाट सरळ होते, आणि नळी घातली. ती बारीक नव्हती, चांगली जाडसर होती. बारीक नळी अडथळ्यापाशी आतल्या आत गुंडाळते म्हणे. तिचं टोक कोपरासारखं किंचित वाकलेलं, आणि ते वरच्या अंगाला राहील असं त्यांनी धरलेलं. आत जिथं वळण आहे, तिथं नळी अडली. बाबा कण्हले, आणि मी टॉर्चसकट खाली आलो. शुद्धीवर आलो तेव्हा भाऊजी म्हणत होते, "मास्तर, तिथंच पडा. खिडकीतून उजेड येऊन राहिला. दोन पेशंट एका वेळी मले नाही झेपत."

तेव्हा पुढचं मी जमिनीवरून ऐकलेलं आहे. भाऊजी नळी रेटत नव्हते. रेटली तर रक्त येतं, नको तिथं वाट पडते. अडल्या जागी त्यांनी ती नुसती टेकवून ठेवली होती.

"मामाजी, श्वास धरून राहिले तुम्ही. श्वास धरला का आतलं दार बंद होते. सोडा."

"सुटून नाही राहिला."

"मग मले शिवी द्या."

"जवायाले?"

"जवायालेच. शिवी देताना श्वास सोडाच लागते."

मग बाबा पुटपुटले, "गाढवा..."

"हे तर बालवाडीतली झाली. मामाजी, मोठी शिवी काढा!"

आणि बाबांनी काढली. काय काढली ते या पुरवणीत छापता येणार नाही. दाराबाहेर ताईनं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला, आणि भांड्यात धार वाजायला लागली. धार नीट आल्यावरच भाऊजींनी नळीला आत धरून ठेवणारा फुगा भरला. हात पुसत म्हणाले, "हे कुठं शिकले?" बाबा सुटकेनं डोळे मिटून म्हणाले, "मागावर. धागा तुटला का म्हणत होतो... मनात."

बाबांचं हृदय अशक्त, ऑपरेशन झेपणारं नव्हतं. म्हणून दर महिन्याला ती खोली बंद व्हायची, आतून जावयाचा उद्धार ऐकू यायचा, आणि मग दोघं "घ्या जवाई", "तुम्ही घ्या मामाजी" करत चहा प्यायचे. नळीचं निमित्त होतं. बाबांना सगळ्या जन्मात मोकळं बोलायला एक माणूस मिळाला होता, तो असा.

भाऊजींनंतर नळी बदलायची वेळ आली तेव्हा बाबांनी नकार दिला. "राहू द्या आता. तो पोरगा गेला अन् मी नळी लावून जगून राहिलो... मले नाही पाहिजे." मी समजावलं, म्हणजे वर्गात समजावतो तसं, कोणाच्याच डोक्यात न शिरेलसं. शेवटी नळी तुंबली, ताप चढला. ताई आली, खाटेपाशी उभी राहिली. "बाबा, ते गेले ते माझ्या हातात नव्हतं. आता तुम्हीही जाऊन राहिले, ते काय मी पाहत बसू?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

भाऊजींच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर ढोबळे आले. तुंबलेली नळी काढली, जेली सोडली, थांबले, सगळं तसंच. नवी नळी त्याच वळणावर अडली. "बाबा, श्वास सोडा," ते म्हणाले. "हो, डॉक्टरसाहेब," बाबा अदबीनं म्हणाले आणि आणखीच आखडले. डॉक्टरांनी मला हलक्या आवाजात सांगितलं, "नाहीच गेली तर दवाखान्यात न्यावं लागेल, पोटातून नळी टाकावी लागेल. पण हे हृदय..." या खेपेला मी टॉर्च धरून उभा होतो, कसा ते देव जाणे. मी बाबांच्या कानाशी वाकलो. "बाबा, मोठी काढा."

परक्या माणसाला ते काय देणार? त्यांची नजर डॉक्टरांवरून वर आढ्याकडे गेली.

"हरामखोरा..." आवाज एकदम फुटला. "माह्या पोरीले टाकून काहून गेला गा? माही पाळी होती रे, हरामखोरा, माही होती..." तो श्वास संपेचना. हुंदक्यांमागून हुंदके, आणि त्यातच नळी अलगद आत सरकली. डॉक्टरांनी मान खाली घालून फुगा भरला. बाहेर ताई उंबऱ्यावर बसली आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

परवा पुन्हा नळी बदलली. ताई सकाळीच येऊन बंद दाराला पाठ लावून बसली होती. आत बाबा भाऊजींना अरेतुरे करत होते. मधेच शिवी, मधेच ताईच्या धाकट्याचे परीक्षेतले मार्क, पुन्हा शिवी. मग धार वाजली. चहाचा ट्रे घेऊन मी दार ढकलायला गेलो, तर ताईनं माझा हात धरला.

"थांब नं जरा," ती म्हणाली. "त्या दोघांचं बोलणं चालू आहे."